परसातील बटेरपालन: पहिल्या पंधरा पक्ष्यांची तयारी

ज्याने आयुष्यभर घरामागे कोंबड्या पाळल्या आहेत तो बटेर आणतो तेव्हा बहुधा त्याला लहान कोंबडीच समजतो, आणि पहिल्या महिन्यातील बहुतेक चुका याच समजुतीतून होतात. दचकलेली कोंबडी ओरडत पळत सुटते, तर दचकलेला बटेर सरळ वर उसळतो. तो रात्री फांदीवर किंवा दांडीवर बसत नाही. बटेराची मादी अंडी भरपूर देते, पण पिंजऱ्यातील मादी ती उबवायला जवळजवळ कधीच बसत नाही. शिवाय कोंबडीच्या खाद्यावर ती जगते, पण नीट अंडी देत नाही. या चार गोष्टी आधी समजून घेतल्या तर पिंजरा, खाद्य आणि पिल्ले यांविषयीचे पुढील सांगणे सोपे वाटेल. मी कोकणात, राजापूर तालुक्यातील घराच्या मागील पडवीत हे पक्षी ठेवतो. त्यामुळे हवामानाची उदाहरणे मुख्यतः इकडची आहेत आणि घाटावर जे वेगळे करावे लागते ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

पक्षी कोणता आणि तो कोठून घ्यावा

आपण पाळतो तो जपानी बटेर. हा पक्षी 1974 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून बरेलीजवळच्या इज्जतनगर येथे आणला गेला, आणि पुढे तेथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे ‘कॅरी उत्तम’, ‘कॅरी उज्ज्वल’, ‘कॅरी श्वेता’ असे वाण तयार केले. आपल्या माळावर आणि शेताच्या बांधावर दिसणारा रानातील लावा हा वेगळा पक्षी आहे. रानातील लाव्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. आठवडी बाजारात कोणी टोपलीखाली झाकून लावे विकत असेल तर ते घेऊ नयेत. पक्षी नेहमी उबवणी केंद्रातून किंवा ओळखीच्या पालकाकडून घ्यावेत, पावती मागून घ्यावी आणि ती जपून ठेवावी. त्याचप्रमाणे नको झालेला जपानी बटेर ‘उडून जाऊ दे बिचारा’ म्हणून रानात सोडू नये. तो स्वतः तेथे फार दिवस टिकत नाही, आणि टिकलाच तर त्याचा रानातील जवळच्या जातीशी संकर होऊ शकतो. युरोपात असे झालेले आहे.

नवख्याने सुरुवातीला एका दिवसाची पिल्ले घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ती स्वस्त मिळतात हे खरे, परंतु त्यांचे पहिले दहा दिवस सांभाळणे हे या कामातील सर्वांत अवघड प्रकरण आहे. चार ते पाच आठवड्यांचे पक्षी घ्यावेत. तोवर त्यांची पिसे पूर्ण आलेली असतात, नर-मादी ओळखता येतात आणि दोन-तीन आठवड्यांत अंडी सुरू होतात. बारा माद्या आणि तीन नर, असे पंधरा पक्षी एका घराला पुरेसे आहेत. चार माद्यांमागे एक नर हे प्रमाण ठीक बसते. अंडी फक्त खाण्यासाठी हवी असतील तर नराची मुळीच गरज नाही. नराविना माद्या तितकीच अंडी देतात, आणि पहाटेचे नराचे ते करकरीत ओरडणेही टळते. शहरात बाल्कनीत पाळणाऱ्याने तर फक्त माद्याच ठेवाव्यात, आणि पक्षी आणण्यापूर्वी सोसायटीचे नियम विचारून घ्यावेत.

पिंजरा

पंधरा पक्ष्यांसाठी तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद पिंजरा करावा. व्यावसायिक पिंजऱ्यांत याच जागेत दुपटीच्या जवळपास पक्षी ठेवतात, पण तेथे रोज लक्ष ठेवणारा माणूस असतो. दाटीत ठेवलेले पक्षी एकमेकांच्या डोक्यावरची पिसे उपटतात, आणि रक्त दिसले की बाकीचे सगळे त्याच पक्ष्यावर तुटून पडतात.

उंचीकडे विशेष लक्ष द्यावे. पिंजरा एक तर दहा-अकरा इंच उंचीचा असावा, म्हणजे पक्ष्याला उसळायला वेग घेता येत नाही, किंवा माणूस उभा राहील इतका उंच असावा. दोन-तीन फूट उंची सर्वांत घातक, कारण तेवढ्या अंतरात पक्षी पूर्ण वेगाने वर जातो आणि छताच्या जाळीवर डोके आपटून घेतो. माझा पहिला पिंजरा कोंबड्यांचा जुना, अडीच फूट उंचीचा होता. फटाक्याच्या एका आवाजाला त्यात दोन पक्ष्यांची टाळकी सोलून निघाली. त्यानंतर मी छताला आतून गोणपाट ताणून बांधले, आणि पुढे पिंजराच बदलला.

जाळी अर्धा इंची चौकोनी वेल्डमेशची, म्हणजे तारा सांध्यांवर वेल्डिंगने जोडलेली, घ्यावी. षटकोनी छिद्रांची साधी कोंबडीजाळी बटेरांसाठी निरुपयोगी आहे; तिच्यातून उंदीर आत येतो, मांजर पंजा घालते, आणि बारीक सापही सहज शिरतो. एका सकाळी मला पिंजऱ्यात तीन पक्षी कमी आणि एक धामण जास्त आढळली. ती रात्री छिद्रातून शिरली होती, पण पोट फुगल्यामुळे तिला परत निघता आले नव्हते. सर्पमित्राने जाळी कापून तिला सोडवले, आणि त्याच दिवशी मी बाजारातून वेल्डमेश आणली. दाराला नुसती कडी न लावता कडीत खिळा किंवा कुलूप अडकवावे, कारण मुंगूस आणि मांजर दोघेही सैल कडी उघडतात.

तळालाही हीच जाळी चालते. खाली पत्र्याचा ट्रे ठेवला की विष्ठा त्यात पडते. परंतु सारा वेळ तारेवर उभे राहून पक्ष्यांच्या पायांना फोड येतात, म्हणून तळाच्या तिसऱ्या हिश्श्यावर लाकडी फळी टाकावी आणि तिच्यावर भाताचे तूस पसरावे. एका कोपऱ्यात पसरट थाळीत बारीक वाळू आणि चुलीतील गार राख मिसळून ठेवावी. ती ठेवल्यापासून मिनिटभरात पक्षी तिच्यात अंग घुसळू लागतात. एक पक्षी कुशीवर पडून पंखाने राख अंगावर ओढतो, दुसरा त्याच्या पाठीवरून आत शिरतो, आणि दहा मिनिटांत अर्धी थाळी बाहेर सांडलेली असते. हा पसारा सहन करावा. पिसांतील उवा आणि गोचिडांवर याहून सोपा उपाय नाही.

पिंजरा जमिनीपासून कमरेच्या उंचीवर, पायांवर उभा करावा आणि प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी ठेवावी. मुंग्या मोठ्या पक्ष्याला फारसे काही करत नाहीत, पण पिल्लांना आणि फुटलेल्या अंड्याला लगेच लागतात. सकाळचे कोवळे ऊन पिंजऱ्याच्या एका भागावर यावे, दुपारचे मुळीच येऊ नये, आणि पावसाची झड ज्या बाजूने येते ती बाजू बंद असावी. ट्रे दर दुसऱ्या दिवशी काढावा. बटेराच्या विष्ठेला अमोनियाचा दर्प फार असतो. उभ्याने तो कळत नाही, म्हणून वाकून पक्ष्याच्या उंचीवर नाक नेऊन पाहावे. तेथे डोळे चुरचुरले तर सफाईला उशीर झाला आहे. ही विष्ठा झाडांच्या मुळाशी थेट टाकू नये, झाड जळते. पालापाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने कुजू द्यावी.

खाद्य आणि पाणी

एक मोठा पक्षी दिवसाला सुमारे 25 ग्रॅम खातो. पंधरा पक्ष्यांना रोज पावणेचारशे ग्रॅम, म्हणजे महिन्याला अकरा-साडेअकरा किलो खाद्य लागते. सांडणारे वेगळे धरावे. बटेर चोचीने खाद्य उडवतो, म्हणून भांडे अर्ध्याहून अधिक भरू नये आणि त्याचा काठ आत वळलेला असावा.

अंड्यावरील मादीला खाद्यातून 18 ते 20 टक्के प्रथिने लागतात. बाजारातील अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या, म्हणजे लेयर खाद्यात ती साधारण 16 ते 18 टक्के असतात, आणि नुसत्या तांदूळकण्या व मक्याच्या भरड्यात तर निम्म्याहून कमी. बटेरांचे खास खाद्य तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही. ते मिळाले नाही तर लेयर खाद्यात सोयाबीन पेंड किंवा सुक्या मासळीचा कुटा मिसळून कमतरता भरून काढता येते. कुटा थोडाच घालावा, नाहीतर अंड्याला मासळीचा वास येतो. घरातील कोथिंबिरीच्या काड्या, किसलेले गाजर, शेवग्याचा पाला ही तोंडीलावणी म्हणून द्यावीत, मुख्य जेवण म्हणून नव्हे.

अंड्याच्या कवचासाठी चुना लागतो, आणि याबाबतीत कोकणातील माणूस सुदैवी आहे. तिसऱ्यांची किंवा कालवांची आमटी झाली की उरलेले शिंपले धुऊन, उन्हात वाळवून, वरवंट्याने ज्वारीच्या दाण्याएवढे बारीक करावेत आणि वेगळ्या वाटीत ठेवावेत. खाद्यात मिसळू नयेत. मादीला हवे तेवढे ती स्वतः उचलते आणि नर त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. समुद्रापासून दूर असणाऱ्यांनी पशुखाद्याच्या दुकानातून शिंपल्यांचा भरडा आणावा.

पाणी दिवसातून दोनदा बदलावे. भांडे पसरट असले तर पक्षी त्यात चालतात आणि विष्ठा करतात, म्हणून उलट्या बाटलीचे लहान ड्रिंकर सोयीचे ठरते.

अंडी आणि उजेड

सहा ते सात आठवड्यांच्या वयात अंडी सुरू होतात. कोंबडीची सवय असलेला माणूस सकाळी पिंजऱ्यात डोकावतो आणि निराश होतो, कारण बटेराच्या माद्या बहुतेक अंडी दुपारनंतर, तीन ते सहाच्या दरम्यान देतात. ती दिवेलागणीला गोळा करावीत. घरट्याची पेटी ठेवण्याची गरज नाही. मादी उभी असेल तेथे अंडे टाकते. नुकतेच पडलेले ओलसर अंडे हातात घेतले तर त्यावरचे तपकिरी ठिपके बोटाला लागतात, कारण रंग कवचावर सर्वांत शेवटी चढतो आणि वाळायला थोडा वेळ घेतो. प्रत्येक मादीच्या ठिपक्यांची नक्षी तिची स्वतःची असते. आमच्या घरी आईने दोन महिन्यांत सहा माद्यांची अंडी ओळखायला सुरुवात केली होती, आणि कोणाचे अंडे आले नाही ते ती माझ्याआधी सांगत असे.

अंडे दहा-बारा ग्रॅमचे असते. म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याला बटेराची पाच अंडी धरावीत. बारा माद्यांपासून चांगल्या दिवसांत रोज आठ-दहा अंडी मिळतात, आणि वर्षाला एका मादीमागे अडीचशेपर्यंत. एवढ्यावर फार मोठा व्यवसाय होतो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. या अंड्यांनी दमा जातो, डोळ्यांचे नंबर उतरतात, असले दावे करणाऱ्यांवरही ठेवू नये. अंडे चांगले आणि पौष्टिक आहे, कोंबडीच्या अंड्याप्रमाणेच. ज्याला कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी आहे त्याने हे चालेल असे गृहीत धरू नये.

अंडी देणे सुरू ठेवायचे तर उजेड चौदा ते सोळा तास हवा. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा होतो, आणि माद्या अंडी कमी करतात किंवा थांबवतात. लोक याचा दोष थंडीला देतात, पण कोकणात थंडी ती किती असणार. पाच वॉटचा एक एलईडी दिवा पहाटे आणि संध्याकाळी मिळून चार तास लावला तर दोन-तीन आठवड्यांत अंडी पुन्हा सुरू होतात. वेळ रोज तीच ठेवावी. टायमर मिळाला तर उत्तम. पक्ष्याला विश्रांती द्यावी असे वाटत असेल तर दिवा न लावणे हाही योग्य निर्णय आहे. मी स्वतः मार्गशीर्षात दिवा लावत नाही, तसेही त्या महिन्यात आमच्याकडे अंडी खाणारे कमी असतात.

ऊन आणि पाऊस

चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून पक्षी धापा टाकू लागला की उष्णता त्याला झेपत नाही असे समजावे. विदर्भ-मराठवाड्यात, जेथे पारा 42-43 च्या पुढे जातो, तेथे पिंजऱ्याच्या दोन बाजूंना ओले गोणपाट टांगावे, पत्र्यावर उसाचे पाचट किंवा कडबा पसरून पाणी मारावे, खाद्य पहाटे आणि सायंकाळी द्यावे आणि पिण्याचे पाणी मातीच्या भांड्यात ठेवावे. कोकणात ओल्या गोणपाटाचा उपयोग होत नाही, उलट दमट हवा अधिक कोंदते. इकडे वारा खेळता ठेवणे हाच उपाय आहे. मी मे महिन्यात पिंजऱ्यासमोर एक जुना टेबलफॅन दुपारी तीन तास लावतो.

पावसाळ्यात पक्ष्यांपेक्षा खाद्याची काळजी जास्त घ्यावी लागते. मक्याला आणि पेंडीला बुरशी लागली की तिच्यातील विषाने पक्षी हळूहळू खंगतात, आणि कारण लवकर लक्षात येत नाही. जून ते सप्टेंबर या काळात पंधरा दिवसांहून अधिक खाद्य आणू नये, ते झाकणाच्या पिंपात ठेवावे आणि पिंप विटांवर उभे करावे. खाद्याला कुबट वास येत असेल किंवा मूठ उघडल्यावर त्याचा गोळा राहत असेल तर ते टाकून द्यावे. उन्हात वाळवून पुन्हा वापरू नये. वाळवल्याने बुरशी दिसेनाशी होते, विष जात नाही. भुईमुगाची टरफले अंथरायला वापरणाऱ्यांनीही पावसाळ्यात ती टाळावीत.

आजार

बटेर काटक आहे, पण आजारी पडल्यावर औषधोपचाराला फार वेळ देत नाही. रोज सकाळी खाद्य घालताना पाच मिनिटे उभे राहून पाहावे. सगळे भांड्याकडे धावतात. जो धावत नाही, पिसे फुगवून कोपऱ्यात बसतो, त्याला लगेच वेगळ्या खोक्यात ठेवावे. पांढरी पातळ विष्ठा आणि कुबड काढून बसणे हे आतड्यांच्या एका जिवाणूजन्य रोगाचे लक्षण असू शकते. तो विष्ठेतून झपाट्याने पसरतो, म्हणून आजारी पक्षी किंवा विष्ठेचा नमुना घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. दुकानदाराच्या सांगण्यावरून पाण्यात प्रतिजैविके टाकू नयेत. ती औषधे त्या काळातील अंड्यांत उतरतात आणि ती अंडी आपणच खातो.

कोंबड्या आणि बटेर एकत्र ठेवू नयेत, आणि कोंबड्यांच्या बसण्याच्या दांडीखाली तर बटेरांचा पिंजरा मुळीच नसावा. कोंबडीला किरकोळ सर्दी देणारे काही रोग बटेराला भारी पडतात, आणि बटेराकडून कोंबडीकडेही जातात. एकाच वेळी अनेक पक्षी अचानक मेले तर ते कापून पाहू नयेत, ओढ्यात फेकू नयेत, शेजाऱ्यांना वाटू नयेत. पक्षी हाताळणे थांबवून लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो 2006 मध्ये आपल्याच नवापुरात, तेव्हा ही खबरदारी दूरच्या मुलखातील नाही.

पिल्ले

सहा-आठ महिने पक्षी सांभाळून झाले, त्यांच्या सवयी कळल्या, की मग उबवणीचा विचार करावा. पूर्वी लोक खुडूक देशी कोंबडीखाली बटेराची अंडी ठेवत, आणि हलकी कोंबडी असेल तर ते अजूनही साधते. पण जड कोंबडीच्या पायाखाली पातळ कवचाची निम्मी अंडी फुटतात. पंखा असलेले लहान उबवणी यंत्र घ्यावे. सात दिवसांच्या आतील, मध्यम आकाराची, तडे नसलेली अंडी निवडावीत आणि यंत्रात ठेवेपर्यंत ती टोकदार बाजू खाली करून थंड जागी ठेवावीत. तापमान 37.5 अंश सेल्सिअस, आर्द्रता सुमारे 55 टक्के असावी, आणि अंडी दिवसातून तीन-चार वेळा फिरवावीत. पंधराव्या दिवसापासून फिरवणे थांबवावे आणि आर्द्रता सत्तरच्या आसपास न्यावी. सतराव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. त्या दिवशी झाकण पुन्हा पुन्हा उघडून पाहण्याचा मोह होतो. झाकण उघडले की ओलावा जातो, आतील पडदा वाळतो आणि अर्धे फोडलेले पिल्लू कवचालाच चिकटते. कोरडी झालेली पिल्ले एकदाच, एकत्र काढावीत.

पिल्लाचे वजन सात-आठ ग्रॅम असते. ते अंगठ्याच्या पेराएवढे असते आणि पावसाळ्यातील भुंग्यासारखे सुसाट पळते. खोक्यात वर्तमानपत्र अंथरू नये. गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात आणि मग सरळ होत नाहीत. पहिला आठवडा खरखरीत गोणपाट किंवा जुना टॉवेल घालावा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर 35 ते 36 अंश तापमान हवे, पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करावे. साठ वॉटचा बल्ब खोक्याच्या एका टोकाला टांगावा, म्हणजे पिल्लांना ऊब आणि गारवा यांत निवड करता येते. तापमापकाहून पिल्लांचे बसणे खरे मानावे: बल्बखाली ढीग करून किलबिलत असली तर थंडी वाजते, भिंतींना चिकटून धापा टाकत असली तर उकडते, खोकेभर विखरून गप्प झोपली असली तर सर्व ठीक आहे. आमच्याकडे वीज जाते ती रात्रीच जाते, म्हणून गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून तयार ठेवतो.

पाणी बरणीच्या झाकणात द्यावे आणि त्यात गारगोट्या किंवा काचेच्या गोट्या भराव्यात. पिल्लू अर्धा इंच पाण्यातही बुडते, आणि न बुडता नुसते भिजले तरी थंडीने मरते. पहिल्या दिवशी दोन-चार पिल्लांची चोच पाण्याला टेकवून द्यावी. बाकीची त्यांचे पाहून शिकतात. पहिले तीन आठवडे 24 ते 27 टक्के प्रथिनांचे खाद्य लागते. ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या, पिल्लांना अगदी सुरुवातीला देतात त्या प्री-स्टार्टर खाद्यात ती थोडी कमी असतात, म्हणून त्यात सोयाबीन पेंडीचे पीठ मिसळावे आणि सगळे मिक्सरमधून रव्याएवढे बारीक करून घ्यावे, कारण दुकानातील दाणा या चोचीला मोठा पडतो. एवढे करूनही पहिल्या आठवड्यात काही पिल्ले जातात. माझ्या पहिल्या घाण्यात चाळीसपैकी अकरा गेली, त्यातील चार बरणीच्या झाकणात गोट्या घालायला विसरल्यामुळे.

तिसऱ्या आठवड्यात छातीवरची पिसे रंग दाखवू लागतात. नराची छाती सलग तांबूस, काताच्या रंगाची होते. मादीची फिकट आणि तिच्यावर काळे ठिपके. पांढऱ्या वाणात ही खूण चालत नाही. तेथे सहाव्या आठवड्यापर्यंत थांबून शेपटीखालचा फुगवटा हलकेच दाबून पाहावा. साबणासारखा पांढरा फेस आला तर तो नर. निम्मी पिल्ले नर निघतात, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून ते माद्यांच्या डोक्याची सालपटे काढू लागतात. त्याआधीच चार माद्यांमागे एक या हिशेबाने नर ठेवून बाकीचे वेगळे काढावेत. ते या वयात दीड-दोनशे ग्रॅमचे झालेले असतात आणि रश्शाला चांगले लागतात. जे नर ठेवायचे ते मात्र आपल्याच घाण्यातील ठेवू नयेत. जवळच्या नात्यातील जोड्यांची अंडी दोन-तीन पिढ्यांतच उबेनाशी होतात, म्हणून वर्षातून एकदा दुसऱ्या पालकाशी नरांची अदलाबदल करावी आणि आलेले नर जुन्या पक्ष्यांत मिसळण्यापूर्वी तीन आठवडे वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावेत.